काळा बिबट्या आणि काळा जॅग्वार : रंग एकच, वारशाची तऱ्हा उलटी. हे कसं?

पिंगट

सस्तन प्राण्यांच्या केसांच्या रंगावर तक्ते भरपूर मिळतात, पण तक्त्यामागची यंत्रणा सांगणारं मराठीत फारसं सापडत नाही. माझं गाडं चार ठिकाणी अडलंय.

पहिलं, काळ्या बिबट्यात काळेपणा अप्रभावी असतो आणि काळ्या जॅग्वारमध्ये प्रभावी. दोघंही मार्जार कुळातले आणि दोघांच्याही अंगावर ठिपके. मग हा उलटा हिशेब का?

दुसरं, चॉकलेटी लॅब्राडोर मादी आणि पिवळा नर यांची सगळी पिल्लं काळी निघू शकतात. आई-बापांपैकी एकही काळा नाही, तर काळा आला कुठून?

तिसरं, पांढऱ्या उंदराचे डोळे लाल, पांढऱ्या मांजरीचे बऱ्याचदा निळे आणि वयानुसार पांढऱ्या झालेल्या घोड्याचे गडद. हे तिन्ही पांढरे एकाच कारणाने आहेत का?

चौथं, सयामी मांजरीचे फक्त कान, तोंड, पंजे आणि शेपूट गडद का?

"अमुक जनुक काळा रंग देतं" अशा उत्तराने भागत नाही. कोणतं प्रथिन, कुठल्या पेशीत, कशाला चिकटतं आणि बिघडलं की काय होतं, ते हवं आहे. शिवाय प्राण्याचा रंग पाहून उलटा माग काढायची रीत कुणी सांगितली तर फार बरं.

रंगपेशी

चारही प्रश्न एकाच जागी येऊन मिळतात, म्हणून आधी तिथे जाऊ.

त्वचेबाहेरचा केस मृत असतो. रंग भरला जातो मुळाशी, तोही केस वाढत असतानाच. मुळाच्या कंदात केराटिन बनवणाऱ्या पेशी असतात, त्यांचाच पुढे केस होतो. त्यांच्या शेजारी रंगपेशी, म्हणजे मेलॅनोसाइट. ही पेशी मेलॅनोसोम नावाच्या पुड्यांत रंग तयार करते आणि त्या पुड्या केराटिन पेशींच्या हवाली करते. माणसाच्या केसाच्या कंदात एका रंगपेशीमागे साधारण ५ केराटिन पेशी असतात, तर त्वचेत सुमारे ३६. कंदाच्या पोटात डर्मल पॅपिला हा पेशींचा पुंजका असतो. तो स्वतः रंग बनवत नाही, पण हुकूम तिथूनच सुटतो.

रंगद्रव्यं दोनच : काळं-तपकिरी युमेलॅनिन आणि पिवळं-तांबडं फिओमेलॅनिन. दोघांचा कच्चा माल एकच, टायरोसिन हे अमिनो आम्ल. टायरोसिनेज हे विकर पोटात तांब्याचे दोन आयन बाळगतं आणि टायरोसिनचं डोपाक्विनोन करतं. फाटा फुटतो तो इथे. आसपास सिस्टीन असेल तर डोपाक्विनोन आधी त्यालाच जाऊन चिकटतं, आणि त्या वाटेच्या टोकाला फिओमेलॅनिन मिळतं. सिस्टीन संपलं की डोपाक्विनोन स्वतःशीच वळसा घेतं, डोपाक्रोम होतं आणि शेवटी युमेलॅनिन. या दुसऱ्या वाटेवर डीसीटी आणि टीवायआरपी१ ही दोन प्रथिनं कामाला लागतात.

याचा अर्थ असा की काळ्या आणि पिवळ्या रंगासाठी दोन वेगळे कारखाने नाहीत. टायरोसिनेज जोरात चाललं तर सिस्टीन कमी पडतं आणि माल काळा निघतो. तेच मंद चाललं तर सिस्टीन पुरून उरतं आणि माल पिवळा निघतो. सिस्टीनची आवक तोडली तर काय होतं, तेही उंदरांत दिसलं आहे. एसएलसी७ए११ हे वाहक प्रथिन बिघडलं की पिवळा रंग फिका होऊन राखाडीकडे झुकतो आणि काळा जवळपास जसाच्या तसा राहतो.

वेग ठरवणारं बटण म्हणजे रंगपेशीच्या पटलावरचं एमसी१आर हे ग्राही प्रथिन. माणसात ते ३१७ अमिनो आम्लांचं आहे आणि पटलातून सात वेळा आरपार जातं. अल्फा-एमएसएच हे १३ अमिनो आम्लांचं संप्रेरक त्यावर बसलं की पेशीत सायक्लिक एएमपी वाढतं, पीकेए हे विकर जागं होतं आणि एमआयटीएफ हे नियामक प्रथिन टायरोसिनेज, टीवायआरपी१, डीसीटी या सगळ्यांचं उत्पादन वाढवतं. परिणाम काळा. डर्मल पॅपिलातून सुटणारं अगूटी प्रथिन त्याच ग्राहीवर येऊन बसलं की सगळं थंडावतं. परिणाम पिवळा.

रानटी उंदराच्या पाठीवरचा एक केस उपटून बघा. टोक काळं, त्याच्या किंचित खाली पिवळा पट्टा, मग मुळापर्यंत पुन्हा गडद राखाडी. पिल्लाचा पहिला केस वाढत असताना जन्मानंतर साधारण चौथ्या ते सहाव्या दिवशी अगूटी सुटतं आणि नंतर थांबतं. तेवढ्या दिवसांत वाढलेली लांबी पिवळी राहते. केस ही त्या काळाची नोंदपट्टीच असते, टोक सर्वांत जुनं आणि मूळ सर्वांत नवं. लांबून दिसणारा मातकट रंग कुठल्याही मातकट रंगद्रव्याचा नसतो, तो अशा हजारो काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा मिळून असतो. पोटाकडचा रंग फिका असतो, कारण अगूटी जनुकाला पोटासाठी वेगळा प्रवर्तक (जनुक चालू करणारा डीएनएचा भाग) आहे आणि तो केसाच्या चक्राची वाट न बघता चालू राहतो.

आता बिबट्या. अगूटी म्हणजे ब्रेक. ब्रेकच्या दोन प्रतींपैकी एक मोडली तरी दुसरीवर काम निभतं. दोन्ही मोडल्या तरच गाडी सुटते, म्हणून काळा अप्रभावी. काळ्या बिबट्यात अगूटी जनुकात मध्येच थांब-संकेत, म्हणजे प्रथिन अर्धवट तोडणारी खूण, आली आहे. घरगुती काळ्या मांजरीत त्याच जनुकातली डीएनएची २ अक्षरं गळली आहेत. जॅग्वारमध्ये ब्रेक शाबूत आहे, बदल खुद्द एमसी१आरमध्ये आहे. १५ अक्षरं, म्हणजे ५ अमिनो आम्लं गळाली आहेत. चालूच राहणारं बटण एक जरी असलं तरी रंग गडद होतो, म्हणून तिथे काळा प्रभावी.

हाच हिशेब पिवळ्याला उलटा लावा. एमसी१आर निकामी झालं तर पिवळा अप्रभावी होतो. तांबडा चेस्टनट घोडा, पिवळा लॅब्राडोर, कितीतरी तांबड्या गायी, सगळे या गटातले. उलट अगूटी भलत्या ठिकाणी, भलत्या प्रमाणात सुटू लागलं तर पिवळा प्रभावी होतो. उंदरातलं 'घातक पिवळं' रूप तसंच आहे. त्यात पिवळा गुणिले पिवळा केला की ३:१ ऐवजी २:१ मिळतात. हे फ्रेंच जीवशास्त्रज्ञ क्युएनोने १९०५ मध्येच नोंदवलं होतं. दोन्ही प्रती तशा असलेले भ्रूण गर्भाशयात रुजण्याआधीच मरतात. वाचलेले पिवळे उंदीर लठ्ठही होतात, कारण सगळीकडे सुटलेलं अगूटी मेंदूतल्या एमसी४आर या भूक आवरणाऱ्या ग्राहीवरही जाऊन बसतं.

या गटातलं सर्वांत फसवं उदाहरण मेंढीचं. अनेक जातींत पांढरी लोकर प्रभावी असते आणि त्यामागे अगूटीसकट सुमारे १,९०,००० अक्षरांचा तुकडा दुपटीने आलेला असतो. म्हणजे ती मेंढी तत्त्वतः 'पिवळी' आहे, फक्त तिच्या लोकरीत फिओमेलॅनिन इतकं कमी पडतं की डोळ्यांना पांढरं दिसतं. पांढऱ्या मेंढ्यांच्या कळपात अधूनमधून काळं कोकरू जन्मतं ते यामुळेच. अप्रभावी काळा आत दडलेला असतो.

कोशिका

वरच्या उत्तरात एक भर घालायलाच हवी, नाहीतर पुढे गल्लत होईल. एमसी१आरला "चालू करणारं संप्रेरक आणि बंद करणारं अगूटी" असं समजलं तर संप्रेरक काढून टाकल्यावर प्राणी पिवळा व्हायला हवा. पण अगूटी नसलेल्या काळ्या उंदरातून अल्फा-एमएसएचचं मूळ प्रथिन पीओएमसी काढलं, तरी तो काळाच राहतो. एमसी१आर संप्रेरकाशिवायही मंद आवाजात बोलत असतं आणि उंदराला काळं ठेवायला तेवढं पुरतं. अगूटी फक्त जागा अडवून बसत नाही, तो मूळचा आवाजही दाबतो. माणसात मात्र पीओएमसी नसलेल्या मुलांचे केस तांबडे असल्याची नोंद १९९८ पासून आहे, तेव्हा उंदराचा निष्कर्ष जसाच्या तसा माणसाला लावू नये. शिवाय अगूटीला एकट्याने जमत नाही. अट्रॅक्टिन हे सोबतीचं प्रथिन नसेल तर अगूटी असूनही केस गडद राहतात.

आता लॅब्राडोर. देवनागरीत मोठं-लहान अक्षर नसल्यामुळे चालतं जनुक + आणि बिघडलेलं − असं लिहिते. 'ई' म्हणजे एमसी१आर, 'ब' म्हणजे टीवायआरपी१.

चॉकलेटी मादी ब−/ब− ई+/ई+ असू शकते. तिचं बटण ठणठणीत आहे आणि युमेलॅनिन भरपूर बनतं, पण टीवायआरपी१ नसल्याने ते काळं न होता तपकिरी राहतं. पिवळा नर ब+/ब+ ई−/ई−. त्याच्याकडे काळं बनवायचं सगळं सामान आहे, बटण तेवढं मेलेलं. पिल्लं ब+/ब− ई+/ई−, म्हणजे आईकडून बटण आणि बापाकडून सामान. सगळी काळी. काळा आला कुठून, तर निम्मा निम्मा दोघांकडून.

अशी दोन काळी वाहक, म्हणजे सदोष प्रत आत दडवलेली, जुळवली तर ९ काळी, ३ चॉकलेटी, ४ पिवळी हे प्रमाण. पिवळ्या ४ पैकी एक ब−/ब− असतं, आणि ते ओळखायचं नाकावरून. नाकाच्या आणि पापण्यांच्या कातडीत युमेलॅनिन बनायला एमसी१आरची तितकी गरज पडत नाही, म्हणून एरवीच्या पिवळ्या लॅबचं नाक काळं असतं. ब−/ब− असेल तर ते काळं होऊच शकत नाही, फिकट तपकिरी राहतं. मात्र थंडीत किंवा वयानुसार काळं नाकही फिकं पडतं, तेव्हा पापणीची कड बघणं जास्त खात्रीचं.

प्रमाणावर फार विसंबू नका. ८ पिल्लांच्या वेतात एकही चॉकलेटी न निघण्याची शक्यता १३/१६ चा आठवा घात, म्हणजे जवळपास १९ टक्के. एका वेतावरून "दोघं वाहक नाहीत" असं ठरवणं चूक आहे.

कुत्र्यात आणखी एक खेळाडू आहे आणि तो इतर प्राण्यांचं गणित इथे चालू देत नाही. 'के' स्थानावरचं सीबीडी१०३ हे बीटा-डिफेन्सिन प्रथिन. डिफेन्सिनं मुळात जंतूंशी लढणारी. त्यातलं २३ क्रमांकाचं ग्लायसिन गळालेलं रूप एमसी१आरवर घट्ट बसतं आणि अगूटीला बसूच देत नाही. म्हणून कुत्र्यात प्रभावी काळा मिळतो तो ग्राही बदलल्याने नाही, ग्राहीची जागा आधीच भरल्याने. ही गोष्ट २००७ मध्ये उलगडली. उत्तर अमेरिकेतल्या काळ्या लांडग्यांत हाच बदल सापडतो, आणि तो त्यांच्याकडे कुत्र्यांशी झालेल्या संकरातून आला आहे. लॅब्राडोरमध्ये हा काळा 'के' जवळपास सगळ्यांतच असतो, म्हणून त्यांच्यात अगूटीचं काहीच दिसत नाही. पण ई−/ई− असेल तर डिफेन्सिन बसणार कशावर? बटणच निकामी. कुत्र्यात ई− पुढे 'के' हरतो तो यामुळे.

पिंगट

खूप मोकळं झालं. एक पोटप्रश्न : चाचणीच्या अहवालात "ब : एक प्रत सदोष" असं दोन वेगवेगळ्या ओळींत दिलेलं असतं आणि कुत्रा प्रत्यक्षात चॉकलेटी असतो. एक प्रत सदोष म्हणजे वाहक ना?

कोशिका

इथे बरेच जण चुकतात. कुत्र्यात टीवायआरपी१ बिघडवणारे नेहमीचे बदल तीन आहेत आणि अहवालात प्रत्येकाची वेगळी ओळ असते. एका गुणसूत्रावर पहिला बदल, दुसऱ्यावर दुसरा असेल तर प्रत्येक ओळीत "एक प्रत" असंच येणार, पण चालती प्रत एकही उरलेली नसते. ओळी वेगवेगळ्या वाचू नका, सदोष प्रतींची बेरीज करा. क्वचित दोन्ही बदल एकाच गुणसूत्रावर असू शकतात. ते फक्त आई-बापांची किंवा पिल्लांची चाचणी बघूनच कळतं.

"+" म्हणजे "निर्दोष" असंही नाही. "आम्ही शोधलेला बदल मिळाला नाही" एवढाच त्याचा अर्थ. 'ई' साठी बहुतेक ठिकाणी ३०६ व्या जागी थांब-संकेत आणणारा बदल पाहिला जातो. हस्कींमध्ये आणि ऑस्ट्रेलियन कॅटल डॉगमध्ये एमसी१आर निकामी करणारे वेगळे बदल आहेत. ते यादीत नसतील तर पांढुरका कुत्रा "ई+/ई+" म्हणून परत येतो. फ्रेंच बुलडॉगच्या एका चॉकलेटी छटेत तर टीवायआरपी१ पूर्ण शाबूत असतं, बिघाड एचपीएस३ मध्ये असतो. अहवाल आणि केस यांचं पटत नसेल तर केसावर विश्वास ठेवा आणि कोणते बदल तपासले त्याची यादी मागा.

मूषक

पांढऱ्याकडे वळतो. पिंगट यांचे तिन्ही पांढरे वेगवेगळे आहेत, आणि त्यांची सरमिसळ हीच या विषयातली सर्वांत मोठी गफलत.

लाल डोळ्यांचा उंदीर : रंगपेशी आहेत, जागेवर आहेत, पुड्याही बनतात. पण टायरोसिनेज निकामी, म्हणून पुड्या रिकाम्या. डोळ्याच्या पडद्यामागचा रंगीत थरही रंगहीन राहतो आणि आतलं रक्त दिसतं. टायरोसिनेज धडधाकट असूनही असाच परिणाम होऊ शकतो, कारण ते मेलॅनोसोमच्या आत आम्लता वाढली की मंदावतं. ओसीए२ आणि एसएलसी४५ए२ ही वाहक प्रथिनं ही आम्लता आटोक्यात ठेवतात. पांढऱ्या वाघात एसएलसी४५ए२ मधलं फक्त एक अमिनो आम्ल बदललेलं आहे, ४७७ व्या जागी अ‍ॅलानिनऐवजी व्हॅलिन. त्याचा पिवळा रंग गेला, काळे पट्टे मात्र राहिले. म्हणून पांढरा वाघ हा अल्बिनो नव्हे.

निळ्या डोळ्यांची पांढरी मांजर : इथे टायरोसिनेजचा दोष नाही, रंगपेशीच पोहोचलेल्या नाहीत. रंगपेशी भ्रूणाच्या पाठीकडे, चेतातंतूंच्या शिखापट्टीत जन्मतात आणि तिथून चालत अंगभर पसरतात. या प्रवासात किट हे ग्राही आणि त्याला जगवणारा किट-लिगँड, ईडीएनआरबी, एमआयटीएफ, सॉक्स१०, पॅक्स३ यांपैकी काहीही कमी पडलं तर शिखापट्टीपासून लांबचे भाग आधी कोरे राहतात : पोट, पंजे, शेपटाचं टोक, कपाळ. म्हणून ठिपकेदार प्राण्यांत पांढरं बहुधा तिथेच दिसतं. पूर्ण पांढऱ्या मांजरीत किट जनुकात एका जुन्या विषाणूचा तुकडा घुसलेला असतो.

यातून बहिरेपणा येतो, आणि त्याचा केसाशी थेट संबंध नाही. आतल्या कानाच्या शंखात, स्ट्रिया व्हॅस्क्युलॅरिस या थरात रंगपेशी लागतात. त्या तिथल्या द्रवातलं पोटॅशियम आणि विद्युतदाब टिकवून ठेवतात. त्या नसल्या की पिल्लू जन्मून काही आठवड्यांतच ऐकू येण्याचं यंत्र कोलमडतं. अल्बिनो प्राण्यात पेशी हजर असतात, म्हणून त्याला ऐकू येतं. त्याची अडचण दृष्टीची. भ्रूणात मेलॅनिन नसेल तर डोळ्यातून निघणारे काही चेतातंतू मेंदूच्या चुकीच्या बाजूला जातात.

प्रजनन करणाऱ्यांनी घोड्याचं एक उदाहरण लक्षात ठेवायलाच हवं. ईडीएनआरबीच्या एका बदलाची एक प्रत असली तर 'फ्रेम ओव्हेरो' हा सुंदर ठिपका मिळतो. दोन प्रती आल्या तर शिंगरू पांढरं जन्मतं आणि काही दिवसांतच दगावतं, कारण आतड्याच्या भिंतीतल्या चेतापेशीही त्याच शिखापट्टीतून येतात आणि त्याही पोहोचलेल्या नसतात. दोन वाहकांची जोडी लावली तर ही शक्यता प्रत्येक खेपेला २५ टक्के. ठिपका नुसत्या डोळ्यांनी दरवेळी ओळखू येत नाही, म्हणून जोडी लावण्याआधी चाचणी टाळू नका. कुत्र्यातल्या मर्लचंही (फिक्या-गडद चट्ट्यांच्या रंगरूपाचंही) तसंच. तिथे पीमेल जनुकात तुकडा घुसलेला असतो. पीमेल मेलॅनोसोमच्या आत ताण्याबाण्यासारखे तंतू विणतं आणि त्यावर मेलॅनिन बसतं. मर्ल गुणिले मर्ल केलं की चौथा हिस्सा पिल्लं दुहेरी मर्ल, आणि त्यांच्यात बहिरेपणा व डोळ्यांचे दोष फार.

वयाने पांढरा होणारा घोडा : जन्मतो रंगीत, डोळे आणि कातडी कायम गडद. एसटीएक्स१७ या जनुकात ४,६०० अक्षरांचा तुकडा दुपटीने आला आहे. केसांच्या मुळातला रंगपेशींचा साठा लवकर संपतो, तर कातडीतल्या रंगपेशी उलट जास्तच वाढतात. म्हणूनच अशा घोड्यांत शेपटीखाली आणि गुदाभोवती मेलॅनोमाच्या, म्हणजे रंगपेशींच्या, गाठी इतक्या येतात. वय वाढेल तशी ती जागा हाताने चाचपून पाहत जावी. माणसाच्या पिकणाऱ्या केसांतही मूळपेशींचा साठा आटतो, पण कारण हा तुकडा नाही.

सयामीचं उत्तर सोपं आहे. टायरोसिनेजमध्ये ३०२ क्रमांकाच्या ग्लायसिनच्या जागी आर्जिनिन आलं आहे. प्रथिन बनतं, पण अंगाच्या ३८-३९ अंश सेल्सियस उष्णतेत त्याची घडी नीट बसत नाही आणि पेशी ते मोडून टाकते. कान, नाक, पंजे, शेपूट थंड असतात, तिथे घडी टिकते. गर्भाशय सगळीकडे सारखंच उबदार, म्हणून पिल्लं जन्मतः जवळजवळ पांढरी. शस्त्रक्रियेसाठी कुशीवरचे केस काढले तर तिथे नवे केस गडद येतात. मालक घाबरतात, पण कातडी उघडी पडून थंड झाली, एवढंच कारण. पुढच्या गळतीनंतर फरक जातो. सयामीत तिरळेपणा आढळतो तोही वर सांगितलेल्या चेतातंतूंच्या चुकीच्या वाटेमुळे.

विचारलं नाहीत, तरी नारिंगी मांजर सोडवत नाही. तिचा नारिंगी ना एमसी१आरमुळे, ना अगूटीमुळे. जनुक एक्स गुणसूत्रावर आहे हे शंभर वर्षं माहीत होतं, पण कोणतं ते अलीकडेच कळलं : एआरएचजीएपी३६. त्याच्या आतली सुमारे ५,१०० अक्षरं गळाली की रंगपेशीत ते नको तेवढं बनतं आणि थेट पीकेएला पकडून ठेवतं. बटण दाबलेलं आहे, पण तार मध्येच तुटली आहे. अगूटीचं काम बटणाच्या पातळीवरचं आणि ही अडवणूक त्याच्या पुढची, म्हणून अगूटी नसलेली नारिंगी मांजरही काळी होत नाही. तिच्या अंगावर पट्टे दिसतातच. मादीत दोन एक्सपैकी एक प्रत्येक पेशीत बंद होतो, म्हणून काळे-नारिंगी ठिपके. २००१ मध्ये तिरंगी मांजरीची क्लोन केलेली 'सीसी' जन्मली तेव्हा तिच्यात नारिंगी नव्हताच. डीएनए तोच, पण ज्या पेशीतून ती घडवली त्या पेशीत नारिंगीवाला एक्स बंद होता.

पिंगट

शेवटचं. नमुना कसा घ्यायचा आणि केस सूक्ष्मदर्शकाखाली कसा वाचायचा? मी पाहिलेल्या पांढऱ्या केसांच्या मध्यभागी काळी रेघ दिसते. तो रंग कसला?

सूक्ष्मदर्शक

ती रेघ म्हणजे हवा. केसाच्या मध्यात मेड्युला असते आणि तिच्या पोकळ्यांत हवा भरलेली असते. खालून प्रकाश टाकला की हवा तो विखुरते आणि रेघ काळी दिसते. खालचा दिवा बंद करून वरून प्रकाश टाका. हवा असेल तर रेघ चांदीसारखी चमकेल, रंगद्रव्य असेल तर काळीच राहील. दुसरा उपाय म्हणजे केस ब्लेडने ३-४ मिलिमीटरच्या तुकड्यांत कापून ग्लिसरिनमध्ये ठेवणं. कापलेल्या तोंडातून द्रव आत शिरतो आणि रेघ टोकाकडून विरत जाते.

केस वाचताना पाठीवरचा, कुशीवरचा आणि पोटाचा असे निदान तीन केस घ्या आणि टोकापासून मुळापर्यंत सलग बघा. आधी १० पट वस्तुभिंगाने पट्टे मोजा, मग ४० पटने कण बघा. पट्टा असेल तर अगूटी आणि एमसी१आर दोन्ही चालू आहेत, केस कितीही फिका असो. आख्खा केस पट्ट्याविना काळा किंवा तपकिरी असेल तर अगूटी गेलं, किंवा बटण अडकलं, किंवा कुत्र्यात डिफेन्सिन बसलं. आख्खा केस पिवळा असेल तर बटण मेलं, तार तुटली किंवा अगूटी थांबतच नाही. कण तपकिरी असतील तर टीवायआरपी१ वर संशय. कणांचे मोठे-मोठे गोळे आणि मध्ये मोकळ्या जागा दिसल्या तर तो निळसर-राखाडी, म्हणजे वाहतुकीचा दोष. मेलॅनोसोम पेशीच्या टोकापर्यंत नेणारी साखळी तीन प्रथिनांची : रॅब२७ए, मेलॅनोफिलिन आणि मायोसिन-५ए. मांजर आणि कुत्र्यात बहुधा मेलॅनोफिलिन तुटलेलं असतं. रंगद्रव्य कमी झालेलं नसतं, ते गोळ्यांत अडकल्यामुळे प्रकाश कमी शोषला जातो. अशा काही कुत्र्यांत गोळ्यांजवळ केस तुटतो आणि पाठ विरळ होत जाते.

जनुकाला दोष देण्याआधी खाणं आणि ऊन बघा. काळा केस फक्त टोकाकडे तांबूस असेल आणि मुळाशी काळा असेल, तर तो उन्हाने विटलेला आहे. मूळच तांबूस येऊ लागलं असेल तर कच्चा माल कमी पडतो आहे. काळ्या मांजरींच्या आहारात फिनाइलअ‍ॅलानिन आणि टायरोसिन कमी पडलं की केस तांबूस तपकिरी होतात आणि आहार सुधारला की नवे केस पुन्हा काळे येतात. गुरांत तांब्याची कमतरता हेच करते, कारण टायरोसिनेजला तांबं लागतं. डोळ्यांभोवतीचे केस विटलेले दिसले तर रक्तातलं तांबं तपासून घ्या.

डीएनएसाठी गळलेले केस उपयोगाचे नाहीत. पेशी असतात मुळाशी. त्वचेजवळ धरून झटक्याने उपटलेले, मुळाचा कंद दिसणारे २०-३० केस घ्या आणि कागदी पाकिटात ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल धरते आणि बुरशी येते. केसाची काडी कापून टाका आणि फक्त मुळं वापरा, कारण मेलॅनिन पीसीआरच्या (डीएनएच्या प्रती वाढवणाऱ्या चाचणीच्या) पॉलिमरेज विकराला चिकटून त्याचं काम बंद पाडतं. काळ्या प्राण्यांचे नमुनेच नापास होतात आणि पांढऱ्यांचे पास, असं दिसलं तर कारण हेच. मिश्रणात बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन घाला, किंवा डीएनए दहापट पातळ करून पुन्हा चालवा. गालाचा स्वॅब घ्यायचा तर पिल्लू आईचं दूध पीत असताना लगेच घेऊ नका, नमुन्यात आईच्या पेशी येतात.

कोशिका

गायीच्या जुळ्या वासरांचं रक्त पाठवू नका. गर्भात दोघांच्या वारांतल्या रक्तवाहिन्या बहुधा जोडल्या जातात आणि एकाच्या रक्तपेशी दुसऱ्यात कायमच्या रुजतात. तांबड्या वासराच्या रक्तात काळ्या भावंडाचं एमसी१आर दिसतं आणि अहवाल सरळ चुकतो. जुळ्यांच्या बाबतीत केसांची मुळंच घ्या, आणि ती दोन वेगळ्या पाकिटांत.